अंथरुणाला खिळलेला माणूस आणि आपला हक्क

(विहाराच्या वर्धापनदिनानिमित्त भरलेल्या सभेतील भाषणाचा मजकूर)



वर्धापनदिनाला धम्मावर बोलावे, असा रिवाज आहे. आम्हीही धम्मावरच बोलणार आहोत. पण आज सुरुवात खाटेपासून करतो. ज्या घरात कुणी अंथरुणाला खिळलेलं आहे, त्या घरातून आज या सभेला कोण आलंय ते जरा मागे वळून पाहा. फारसं कुणी दिसणार नाही. कारण त्या घरातली बाई दाराला कडी लावून तासभर बाहेर पडू शकत नाही. पेशंटची कूस बदलायची असते, पाठीला जखमा होऊ द्यायच्या नसतात, भरवायचं असतं, मलमूत्र काढायचं असतं. हे एक-दोन दिवसांचं नाही. वर्षानुवर्षांचं आहे.

अशा घरात दोन गोष्टी हळूहळू संपत जातात. एक पैसा आणि दुसरी ती सेवा करणारी बाई. आधी तिचं कामावर जाणं सुटतं, मग गळ्यातलं मोडलं जातं, मग पतपेढीचं कर्ज होतं आणि शेवटी पोरीची शाळा सुटते. इस्पितळात असेपर्यंत सरकारी योजना धावून येते. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. आयुष्मान भारत योजनेत ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीच्या पुढच्या सर्वांना घेतलेले आहे. पण ही योजना इस्पितळाच्या फाटकाशी थांबते. पेशंटला घरी आणलं की त्यानंतरची दहा वर्षं कुणाची? तिथे एका योजनेत सगळा पैसा मिळत नाही. तो पाच-सहा ठिकाणी विखुरलेला आहे, आणि कुठल्या ठिकाणी कोणता कागद चालतो हे ज्याला कळतं, त्यालाच तो मिळतो. आजचा आमचा विषय तोच आहे.

धम्मात या प्रश्नाला उत्तर आहे का? आहे. विनयपिटकातील महावग्गात एक प्रसंग आहे. एक भिक्खू पोटाच्या विकाराने स्वतःच्याच मलमूत्रात पडलेला होता. त्याच्याकडे कुणी पाहत नव्हते, कारण तो कुणाच्या उपयोगाचा राहिला नव्हता. तथागतांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले, स्वतः त्याच्यावर पाणी ओतले, आनंदाने त्याला धुतले, दोघांनी उचलून खाटेवर ठेवले. मग संघाला बोलावून समज दिली, की तुम्हांला इथे आईबाप नाहीत, तुम्ही एकमेकांना पाहिले नाही तर कोण पाहणार? हा प्रसंग आपल्याला ठाऊक आहे. पण त्याच्या पुढचा भाग आपण सांगत नाही. तिथे चांगल्या शुश्रूषा करणाऱ्याचे पाच गुण दिलेले आहेत. त्यात पहिले दोन करुणेचे नाहीत, जाणकारीचे आहेत. त्याला औषध तयार करता आले पाहिजे आणि रोग्याला काय सोसते, काय सोसत नाही हे कळले पाहिजे. मैत्री आणि निर्लोभ त्याच्या पुढे येतात. म्हणजे नुसती कळकळ पुरत नाही, माहिती लागते. म्हणूनच राजगृहात तक्षशिलेला शिकून आलेला जीवक वैद्य संघाची चिकित्सा करीत होता. जाणकाराची मदत घेण्यात संघाला कमीपणा वाटला नाही.

आणखी एक गोष्ट. मरण पावलेल्या भिक्खूचे चीवर आणि पात्र यांचा मालक संघ. पण तथागतांनी ती वस्तू त्याची शुश्रूषा करणाऱ्यांना देण्याची मुभा दिली, कारण त्यांचे उपकार मोठे आहेत. बंधूंनो, सार्वजनिक मालकीतून शुश्रूषा करणाऱ्याला वाटा द्यायचा, हा विचार अडीच हजार वर्षांपूर्वीचा आहे. तो आपल्या घरात आजही पोचलेला नाही.

आता काही माणसं म्हणतात, "सरकारपुढे कशाला हात पसरायचा? आपण स्वाभिमानी माणसं." स्वाभिमान पाहिजेच. पण हक्क मागणं आणि भीक मागणं यांत फरक आहे, आणि तो फरक बाबासाहेबांनी आपल्या हातात लिहून दिलेला आहे. भारतीय संविधानाचा ४१ वा अनुच्छेद काढून वाचा. बेकारी, म्हातारपण, आजारपण आणि अपंगत्व या प्रसंगी सार्वजनिक साहाय्य मिळवून देण्याची तरतूद राज्याने आपल्या ऐपतीप्रमाणे करावी, असे तिथे म्हटले आहे. त्याच्याही आधी, १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. त्या काळात, १९४३ साली, प्रा. बी. पी. अदारकर यांच्याकडे औद्योगिक कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखण्याचे काम दिले गेले आणि १९४४ साली त्यांचा अहवाल आला. त्या पायावर १९४८ साली कर्मचारी राज्य विमा कायदा झाला आणि २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर आणि दिल्ली येथे योजना सुरू झाली. नव्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ही योजना ठेवलेली आहे. आपण ज्याला ईएसआय म्हणतो, विम्याचा दवाखाना म्हणतो, तो हाच. त्यात आपल्या पगारातला पैसा आहे. आजही कामगाराच्या पगारातून पाऊण टक्का जातो आणि मालक सव्वातीन टक्के भरतो. मग ते घेताना मान खाली कशाला?

पण हक्क कागदावर असला म्हणजे तो चालत आपल्या दारी येत नाही. हे आपल्याइतकं कुणाला ठाऊक असणार? सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात १९२३ साली पास झाला होता. महाड नगरपालिकेने १९२४ साली तळे खुले केल्याचा ठरावही केला होता. पाणी मिळालं का? नाही मिळालं. २० मार्च १९२७ रोजी हजारो पावलं चालत गेली तेव्हा ओंजळ भरली. आणि तेवढ्यानेही भागलं नाही. विरोधक दिवाणी कोर्टात गेले, तो दावा दहा वर्षे चालला आणि १९३७ साली मुंबई हायकोर्टात आपल्या बाजूने निकाल लागला. म्हणजे महाडचा हक्क हाती यायला तीन गोष्टी लागल्या. कायदा लागला, चालणारी माणसं लागली, आणि कोर्टातला कागद समजणारा बॅरिस्टर लागला. तिन्हींतली एक जरी नसती तरी पाणी तळ्यातच राहिलं असतं. खाटेवरच्या माणसाच्या हक्काचंही असंच आहे. कायदे आहेत. चालणारी माणसं आपण आहोत. तिसरा, म्हणजे जाणकार, तेवढा आपण शोधत नाही.

आपल्याच वस्तीतलं एक घर सांगतो, नाव सांगत नाही. घरधनी एका खासगी कारखान्यात कामाला. एका पहाटे अर्धांगाचा झटका आला, उजवी बाजू गेली. ईएसआयकडून आजारपणाचा भत्ता सुरू झाला, पगाराच्या ७० टक्के. ९१ दिवस झाले आणि भत्ता बंद. घरच्यांनी समजून घेतलं, की संपलं. पुढे कुणीतरी सांगितलं म्हणून ते एका एजंटाकडे गेले. त्याने पैसे घेतले, कोऱ्या फॉर्मवर अंगठा घेतला आणि निराधार योजनेत अर्ज टाकला. तो नामंजूर झाला. सहा महिने गेले. मग युनियनच्या एका जुन्या कार्यकर्त्याने कागद पाहिले आणि एकच प्रश्न विचारला, "दीर्घ आजाराचा भत्ता मागितला का?" ईएसआयमध्ये ३४ दीर्घ आजारांची यादी आहे. त्यात पक्षाघात आहे, कर्करोग आहे, क्षय आहे, मानसिक आजार आहेत. दोन वर्षांची सलग नोकरी आणि त्यातल्या वर्गणीची अट बसत असेल, तर ९१ दिवसांनंतर पगाराच्या ८० टक्के भत्ता दोन वर्षांपर्यंत मिळू शकतो. म्हणजे भत्ता संपायचा तर दूरच, वाढायचा होता! फक्त डॉक्टरच्या दाखल्यात आजाराचं नेमकं नाव आणि पुढे किती काळ विश्रांती लागणार ते यायला हवं होतं. ते आलं, आणि भत्ता सुरू झाला.

दोन वर्षांनी तो संपला तेव्हा दुसरा प्रश्न आला, आता काय? इथेही जाणकाराने वाट दाखवली. संजय गांधी निराधार अनुदान योजनेत पक्षाघाताने चरितार्थ चालवू न शकणारा माणूस बसतो. पण सर्वसाधारण अर्जदाराला वर्षाच्या उत्पन्नाची मर्यादा २१,००० रुपयांची आहे. महिन्याचे झाले १,७५० रुपये. एवढ्यात कुठल्या घरात चूल पेटते? तोच माणूस अपंगत्वाचा दाखला घेऊन दिव्यांग म्हणून गेला, तर मर्यादा ५०,००० रुपयांची आहे. रक्कमही वेगळी. योजनेत दरमहा १,५०० रुपये मिळतात, दिव्यांग लाभार्थ्यांसाठी २०२५ साली ते २,५०० केले. माणूस तोच, खाट तीच, आजार तोच. अर्ज कोणत्या दाराने आत गेला, एवढाच फरक. हे दार एजंटाला ठाऊक नव्हतं, किंवा त्याला पर्वा नव्हती.

रक्कम लहान आहे, हे आम्ही लपवीत नाही. अडीच हजारांत पेशंटचा महिना निघत नाही. ५०,००० ची मर्यादाही शहरातल्या घराला तोकडीच आहे, ती वाढवून घ्यायला लढावं लागेल. पण जे आज मिळतं ते सोडायचं का?

आता गिरणीची गोष्ट. ती सांगितल्याशिवाय आम्हांला राहवत नाही. आपल्या आजोबा-पणजोबांना मुंबईच्या गिरण्यांत साच्यावर घेत नव्हते. धागा तोंडाने ओढावा लागतो, विटाळ होईल, म्हणून विणकामाच्या खात्याची दारं अस्पृश्यांना बंद होती. राहिली कमी पगाराची सूतकताईची आणि इतर खाती. कापूस फोडण्याच्या, पिंजण्याच्या आणि सूत काढण्याच्या खात्यांतच कापसाची धूळ जास्त. ती धूळ छातीत बसते. सुट्टीनंतर सोमवारी कामावर गेलं की छाती आवळते, दम लागतो. सुरुवातीला मंगळवार-बुधवारपर्यंत बरं वाटतं, पुढे आठवडाभर राहतं, मग कायमचंच. या रोगाला बिसिनोसिस म्हणतात आणि कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात तो धंद्यामुळे होणारा रोग म्हणून लिहिलेला आहे. धंद्याचा रोग म्हणजे कामावरचा अपघातच समजला जातो. मंडळाने कायमचं अपंगत्व ठरवलं, तर कमाईची ताकद जेवढी गेली त्या प्रमाणात आयुष्यभर दरमहा पैसे मिळतात.

पण किती जणांना मिळाले? केसपेपरवर लिहिलेलं असतं "दमा". दमा कुणालाही होतो, त्याची भरपाई नसते. डॉक्टरने विचारलंच नाही, की बाबा, तुम्ही काम कुठल्या खात्यात केलं? आणि आपल्या माणसाने सांगितलं नाही, कारण सांगायचं असतं हेच त्याला ठाऊक नव्हतं. एका म्हाताऱ्या कामगाराचा कागद आमच्याकडे आला होता. उमर गेली कार्डिंग खात्यात. गिरणी बंद पडली, हजेरीकार्ड हरवलं, विम्याचा नंबर कुणाला आठवेना. धंद्याच्या रोगांचा जाणकार डॉक्टर शोधून कागद तयार होईपर्यंत माणूस गेला. घरात उरली म्हातारी आणि एक फाईल. ही फाईल पाच वर्षं आधी तयार झाली असती तर त्याच्या औषधपाण्याचा भार पोराच्या बिगारीवर पडला नसता. म्हणून आम्ही घसा कोरडा करून सांगतो, जाणकाराला शेवटी गाठू नका, आधी गाठा.

मग हा जाणकार म्हणजे कोण आणि तो बसतो कुठे? नीट ऐका, आणि ज्यांना लिहिता येतं त्यांनी लिहून घ्या.

पहिला, सरकारी आणि पालिकेच्या मोठ्या इस्पितळातला समाजसेवा अधीक्षक. त्याला वैद्यकीय समाजसेवक असेही म्हणतात. आपण त्याच्याकडे फक्त बिल माफ करून घ्यायला जातो. पण पेशंट घरी न्यायच्या आधी त्याच्यापुढे बसून विचारा, "आता घरी किती काळ सेवा लागणार, आणि त्यासाठी आम्ही कुठे कुठे अर्ज करू शकतो?" डिस्चार्ज मिळाल्यावर हा प्रश्न विचारायला पुन्हा गाडी करावी लागते.

दुसरा, दाखला देणारा डॉक्टर. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ साली झाला. त्यात २१ प्रकारची अपंगत्वे आहेत आणि बहुतेक लाभांसाठी ४० टक्के किंवा अधिक अपंगत्व लागते. दाखला आता युडीआयडी कार्डाच्या रूपाने मिळतो, अर्ज ऑनलाईन करावा लागतो. टक्के कमी लागले असं वाटलं तर अपिलाचा अधिकार कायद्यानेच दिलेला आहे. गप्प बसू नका.

तिसरा, वकील. आणि इथे माझ्या माय-बहिणींनो, कान देऊन ऐका. १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा ९ नोव्हेंबर १९९५ पासून अमलात आहे. त्याच्या १२ व्या कलमात फुकट वकील कुणाला मिळतो त्याची यादी आहे. अनुसूचित जातीची व्यक्ती, स्त्री, बालक, दिव्यांग, औद्योगिक कामगार. यांना उत्पन्नाची अट नाही. आणि १९९० साली राष्ट्रपतींच्या आदेशात दुरुस्ती होऊन बौद्ध झालेल्यांना अनुसूचित जातीच्या सवलती केंद्रातही मिळाल्या, तेव्हा जातीच्या दाखल्यावर "बौद्ध" लिहिलंय म्हणून कुणी परत पाठवलं तर परत येऊ नका. आपल्यापैकी बहुतेक माणूस या यादीत एका नाही तर दोन-दोन, तीन-तीन जागी बसतो. जिल्हा न्यायालयात प्राधिकरणाचं ऑफिस असतं, तालुक्याला समिती असते, आणि १५१०० या नंबरवर फोन लागतो. अर्ज नामंजूर झाला, अपील करायचं, विमा कोर्टात जायचं, तर हा वकील मागा. फी नाही, कोर्ट फी नाही.

चौथा, युनियनमधला किंवा भविष्य निर्वाह निधीचं काम जाणणारा माणूस. एक उदाहरण देतो. आपल्या काही घरांत जन्मापासून पूर्ण अपंग मूल आहे आणि आईबापांना रात्री झोप लागत नाही, की आमच्या मागे याचं कसं? १९९५ च्या कर्मचारी पेन्शन योजनेत अशी तरतूद आहे, की सभासद मरण पावला आणि त्याचा मुलगा किंवा मुलगी कायमची पूर्ण अपंग असेल, तर त्या मुलाला वयाची अट न लावता पेन्शन मिळते. इतर मुलांची २५ व्या वर्षी थांबते, याची थांबत नाही. पण बापाने हयातीतच नोंद आणि दाखला करून ठेवलेला बरा. दुसरं उदाहरण. निवृत्त झालेल्या कामगाराने किमान पाच वर्षं विम्यात काढलेली असतील, तर वर्षाला १२० रुपये भरून त्याला आणि त्याच्या बायकोला ईएसआयचा औषधोपचार चालू ठेवता येतो. वर्षाला १२० रुपये! इतक्यात महिन्याचा चहाही होत नाही. आणि आपली कार्डं पेटीत गंजत पडली आहेत.

पाचवा, मतिमंद, सेरेब्रल पाल्सी, स्वमग्न आणि बहुविकलांग यांच्यासाठी १९९९ च्या कायद्याने झालेला राष्ट्रीय न्यास. त्याची निरामय नावाची विमा योजना १ लाख रुपयांपर्यंत आहे आणि तीत बाह्यरुग्ण उपचार आणि थेरपीही धरतात. मूल अठरा वर्षांचं झालं की कायद्याने पालक नेमून घ्यावा लागतो, नाही तर बँकेत त्याचं खातं चालवताना अडचण येते. त्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक समिती असते. हे काम न्यासाकडे नोंदलेल्या संस्था करून देतात.

आता जाणकार आणि एजंट यांत फरक कसा ओळखायचा? आम्ही आमच्या अनुभवाने सांगतो. जाणकार तुमचा मूळ कागद ठेवून घेत नाही, झेरॉक्स घेतो. कोऱ्या कागदावर सही-अंगठा मागत नाही. कोणत्या नियमाने मिळेल ते सांगतो, आणि मिळणार नसेल तर "नाही" असंही तोंडावर सांगतो. मिळणाऱ्या पैशांत टक्का मागत नाही. आणि सर्वांत मोठं म्हणजे तो खोटं लिहीत नाही. एजंट म्हणतो, उत्पन्न कमी दाखवू, वय वाढवून लावू. त्याचे पैसे त्याला त्याच दिवशी मिळतात. चौकशी लागते तेव्हा तो नसतो. दाखला रद्द होतो, वसुली निघते आणि खाटेवरच्या माणसाचं नाव खराब होतं. पंचशील घेतलेल्या माणसाने तर खोट्या दाखल्याच्या वाटेला जाऊच नये. खरं लिहूनही मिळण्याजोगं पुष्कळ आहे.

जाणकार मिळाला म्हणजे आपलं काम संपलं असंही नाही. कागद आपल्यालाच जपायचे आहेत. एक फाईल करा. आधार, रेशनकार्ड, जातीचा दाखला, विम्याचा आणि पीएफचा नंबर, पगाराच्या चिठ्ठ्या, सगळे केसपेपर तारखेप्रमाणे. अर्ज दिला की पोच घ्या, पोच दिली नाही तर स्पीड पोस्टाने पाठवा. उत्तर येत नसेल तर २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली १० रुपयांत अर्ज करा, ३० दिवसांत माहिती द्यावी लागते. पैसे सुरू झाल्यावर दरवर्षी हयातीचा दाखला द्यायला विसरू नका. त्या एका कागदावाचून बंद पडलेली पेन्शनं आम्ही पाहिली आहेत.

आता त्या बाईकडे येतो, जी आज सभेला आली नाही. आतापर्यंत सांगितलेला सगळा पैसा पेशंटच्या नावाचा आहे. जी सेवा करते तिच्या नावाचं काय? २०१६ च्या कायद्याच्या २४ व्या कलमात लिहिलेलं आहे, की ज्या दिव्यांगांना जास्त आधाराची गरज आहे त्यांच्यासाठी काळजीवाहकाचा भत्ता योजनेत धरावा. केरळ राज्याने तर कायद्याच्याही आधी, २०१० साली, आश्वासकिरणम् नावाची योजना काढून अंथरुणाला खिळलेल्यांची सेवा करणाऱ्यांना महिना भत्ता सुरू केला. महाराष्ट्रातल्या स्थानिक संस्थांना आपल्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा आहे. आपल्या पालिकेने तो कशावर खर्च केला, हे विचारायचा आपल्याला अधिकार आहे. आणि यातून काळजीवाहक बाईला काही द्या, अशी मागणी करायचाही अधिकार आहे. पण ही मागणी घोषणेने होणार नाही. ती कलम दाखवून, आकडे मांडून, लिहून करावी लागेल. म्हणजे इथेही जाणकार लागणारच. चीवर आणि पात्र शुश्रूषा करणाऱ्याला मिळालं, कारण तथागतांनी तसा नियम केला. आपल्यालाही नियमच करून घ्यायचा आहे.

शेवटी विहार समितीला आमची विनंती आहे, आणि ती टाळ्या घेण्यासाठी नाही. दर रविवारी वंदना झाल्यावर विहारात एक टेबल मांडा. एक वही ठेवा. आपल्या वस्तीत अंथरुणाला खिळलेली माणसं किती, त्यांची सेवा कोण करतं, कोणता अर्ज कुठे अडला आहे, एवढंच त्यात लिहा. आपल्या मुलामुलींत आता वकील आहेत, परिचारिका आहेत, समाजकार्याची पदवी घेतलेली आहेत, तहसील कचेरीत कारकून आहेत. त्यांनी महिन्यातला एक रविवार त्या टेबलाला द्यावा. बाबासाहेबांनी शिका म्हणून सांगितलं ते केवळ स्वतःचा फ्लॅट घेण्यासाठी नव्हे. ज्याला नियम वाचता येतो त्याने ज्याला येत नाही त्याचा अर्ज वाचून द्यावा, ही आजची धम्मसेवा आहे. जे त्यांना जमणार नाही त्यासाठी त्यांनी पेशंटच्या घरच्यांना बरोबर घेऊन विधी सेवा प्राधिकरणात जावं. एकटं पाठवू नये. कचेरीत दोन माणसं गेली की खिडकीवरचा आवाज जरा खाली येतो, हा आमचा आजवरचा अनुभव आहे.

आणि महिला मंडळाला एक काम. टेबलावर अर्ज लिहिला जाईल, पण ज्या घरातली बाई उठू शकत नाही त्या घरी टेबलालाच जावं लागेल. आठवड्यातून दोन तास तिच्या पेशंटपाशी कुणी तरी बसा. त्या दोन तासांत ती कचेरीत जाऊन येईल, नाही तर नुसती झोपेल. दोन्हींची तिला गरज आहे.

पुढच्या वर्धापनदिनाला या वहीत किती नावं आली आणि किती अर्ज मंजूर झाले, ते समितीने या व्यासपीठावरून वाचून दाखवावं, एवढं बोलून आम्ही आपली रजा घेतो.

सर्वांचं मंगल होवो. नमो बुद्धाय! जयभीम!